चौसष्ट जॅक

स्लॅब टाकून सहावा दिवस होता आणि भाऊजी ट्रक घेऊन जॅक न्यायला आले. सहावा! सहाव्या दिवशी बाळंतिणीलाही कुणी पाणी भरायला पाठवत नाही.

मी स्टोअरच्या दारात खिळ्यांच्या पेट्या मोजत बसले होते. ट्रकच्या मागं चार माणसं उभी, प्रत्येकाच्या हातात हातोडा. पुढं ड्रायव्हरशेजारी माझे धाकटे दीर, कानाला फोन. "पोचवतो, पोचवतो, संध्याकाळपर्यंत पोचवतो." त्यांचा सगळा दिवस त्या एका शब्दावर चालतो. आमच्या ठेकेदाराची दोन गावांत दोन कामं. इकडं दवाखाना, पलीकडच्या गावी शाळेच्या तीन खोल्या. इकडची वाळू तिकडं, तिकडची सळई इकडं, सिमेंट कुठून तरी, खडी कुठून तरी, हे सगळं जुळवायचं काम भाऊजींचं. मजूर पाठीमागं त्यांना 'पोचवतो'च म्हणतात. मलासुद्धा विचारतात, "पोचवतो आला का हो?" मी काय बोलणार, खोटं थोडंच आहे.

"वहिनी, गेट उघडा. जॅक भरायचेत."

"कुठले जॅक? स्टोअरमध्ये एकही नाही."

"स्टोअरमधले कशाला? हे काय उभे आहेत." त्यांनी हनुवटीनं स्लॅबकडं दाखवलं.

मला आधी वाटलं, चेष्टा करतात. कच्चा स्लॅब काही स्वतःच्या ताकदीवर उभा नसतो. खाली पत्र्याच्या प्लेटा, प्लेटांखाली टेकूचे लोखंडी जॅक, त्यांनीच त्याला उचलून धरलेलं असतं. साहेबांनी, म्हणजे सरकारी इंजिनियरनं, जाताना बजावलं होतं, चौदा दिवस कशाला हात लावायचा नाही. त्यात यंदाची हवा ही असली. आठ दिवस सूर्याचं तोंड दिसलं नव्हतं. अंगावर काटा येईल असा गारठा, धुतलेली साडी तीन तीन दिवस ओली. अशा हवेत सिमेंट झोपा काढतं. आमचे मिस्त्री, म्हणजे माझे घरधनी, त्यांचा हिशेब साधा आहे. उन्हातला दिवस एक, ढगातला दिवस अर्धा. त्या हिशेबानं स्लॅबचे खरे तीनच दिवस झाले होते.

"डोकं ठिकाणावर आहे ना, भाऊजी?"

"परवा-तेरवा शाळेचा स्लॅब आहे. मिक्सर ठरलाय, माणसं ठरलीत, खडी येऊन पडलीय. जॅक तेवढे नाहीत."

"मग दुसरे आणा."

"कुठून आणू? संच एकच आहे. चौसष्ट. तुम्हालाच ठाऊक आहे, तुम्हीच लिहिलेत वहीत."

"लिहिलेत ना? मग आठ दिवसांनी या. मीच मोजून देते."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. पलीकडं ठेकेदार होता. हा माणूस साइटवर महिन्यातून एकदा दिसायचा, पण फोनवर मात्र छातीवर येऊन बसल्यासारखा बोलायचा.

"काय गं, गेट का अडवलंयस?"

"शेठ, साहेब चौदा दिवस म्हणालेत."

"साहेब म्हणतात आणि जातात. काम मला संपवायचंय. पास लिही."

"पण शेठ, हवा अशी आहे की..."

"बाई, तुझं काम पास लिहायचं. विचार करायचं नाही."

माझे कान तापले. दोन वर्षांपूर्वी चाळीस पोती सिमेंट रातोरात गायब झालं, आधीचा स्टोअरवाला पळाला, तेव्हा ह्याच माणसानं मला बोलावून वही हातात दिली होती. नववीपर्यंत शिकलीयस, अक्षर बरं आहे, बस इथं, तुझ्या सहीशिवाय गेटबाहेर खिळा गेला नाही पाहिजे. तेव्हा काय कौतुक! आता खिळा सोडा, अख्खं छत उघडं पाडायला निघाला आणि म्हणे विचार करू नको.

"मी पास लिहिणार नाही," मी म्हणाले आणि फोन भाऊजींच्या हातात कोंबला.

भाऊजींनी मला बाजूला ठेवून थेट मिस्त्रींना गाठलं. हे आमचे मिस्त्री! हाताला सोनं आहे, पण जिभेला जीव नाही. धाकटा भाऊ काही म्हणाला की मान खाली. हे काम भाऊजींनीच मिळवून दिलं होतं, राहायची पत्र्याची शेडही त्यांनीच मागून घेतली होती, ते ओझं यांच्या मानेवरून उतरतच नव्हतं.

"दादा, तू फक्त पहिले चार काढून दे. कुठून सुरू करायचं ते तुला कळतं."

"अरे, पण हिरवा आहे रे स्लॅब अजून, कच्चा."

"मला कळत नाही का? पण वरून फोनवर फोन येताहेत. मी काय उत्तर देऊ?"

मिस्त्रींनी हातोडा घेतला. घेतला, खरंच! मी बघत होते. त्यांची बोटं दांड्यावर फिरत होती, पाय पुढं पडत नव्हते, पण हातोडा घेतला होता. माझं डोकंच फिरलं.

शेड साइटच्या कोपऱ्यातच होती. मध्ये जुन्या चादरीचा पडदा, अलीकडं आम्ही, पलीकडं भाऊजी आणि धाकटी जाऊ. मी आत गेले, गादी गुंडाळली, डोक्यावर घेतली आणि सरळ स्लॅबखाली नेऊन टाकली. दुसऱ्या फेरीत स्टोव्ह आणि पातेलं. तिसऱ्या फेरीत कपड्यांची पेटी. जॅक इतके दाट की आडवं होऊन सरकावं लागत होतं. वरून प्लेटांच्या फटींतून काळं ऑइल मिसळलेलं पाणी टपटपत होतं, केसांत, मानेवर. मी मधोमध गादी पसरली, स्टोव्ह पेटवला आणि बसले.

"काढा आता," मी म्हणाले. "चहा ठेवते. पिऊन काढा."

हातोडेवाल्यांपैकी एकजण हसला. दुसऱ्यानं हातोडा खाली ठेवला आणि कप कुठं आहेत ते विचारलं.

मिस्त्री वाकून आत आले. "अगं ऊठ. लोक बघताहेत."

"बघू देत. तुम्ही ठोका. माझ्या डोक्यावरचा आधी काढा, म्हणजे लवकर उरकेल."

"असं काय बोलतेस?"

"मग काय बोलू? हातोडा कुणी धरलाय?"

त्यांनी हातोड्याकडं बघितलं, तो कुणी दुसऱ्यानं हातात दिल्यासारखं. मग बाजूला ठेवला आणि गादीच्या कडेला टेकले. अंगातला सगळा जोर गेल्यासारखे बसले होते. मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि राग जास्त आला.

भाऊजी बाहेरूनच ओरडले, "वहिनी, तुम्ही मला तोंडावर पाडताय!"

"तोंडावर पडलेलं बरं. डोक्यावर पडण्यापेक्षा."

"शेठ मला कामावरून काढतील."

"अरे, काढू दे ना! एक काम जाईल. इथं कुणी खाली सापडला तर?"

मी लग्न होऊन आले तेव्हा हा दीर सहावीत होता, शाळेचा शर्ट उलटा घालून जायचा. तेव्हापासून मी त्यांना 'अहो भाऊजी' म्हणत आले. त्या दिवशी पहिल्यांदा 'अरे' निघालं. त्यांनाही ते लागलं. ते ट्रकमध्ये बसले आणि रिकामा ट्रक दणादणा खड्डे उडवत गेला.

आम्ही स्लॅबखालीच राहिलो. मिस्त्री म्हणाले शेडमध्ये जाऊ, आता नाही येणार कुणी. मी म्हटलं, तुमच्या भावाचा मला भरवसा नाही आणि तुमचा तर त्याहून नाही. दिवसातून तीनदा वर चढून स्लॅबवर पाणी मारायचं, खाली येऊन वही घेऊन बसायचं, आलेली खडी मोजायची, तिथंच स्वयंपाक, तिथंच झोप. गारठ्यानं हाताची नखं निळी पडली होती. येता-जाता मजूर विचारायचे, नवीन बंगला कसा आहे? मी म्हणायचे, खांब जरा जास्त झालेत. रागातसुद्धा हसू यायचं.

धाकटी रोज ट्रकनं पलीकडच्या साइटवर जायची, पाणी मारायला आणि तिथल्या मालावर नजर ठेवायला. सातव्या दिवशी संध्याकाळी ती आली ती सरळ माझ्याकडं. टाचांच्या भेगांत सिमेंट भरलेलं. पातेल्यात गरम पाणी दिलं, त्यात पाय सोडून बसली. स्वभावानं गरीब, आवाज असा की दोन हातांवर ऐकू येऊ नये.

"ताई, बल्ल्या आल्यात."

"कुठल्या?"

"कुठल्या तरी मांडवाच्या, लाकडी, जॅकच्या जागी लावायला. जुन्या. निम्म्या तर सांधलेल्या आहेत, दोन तुकडे खिळ्यांनी जोडलेले."

मिस्त्री जेवत होते. त्यांचा हात ताटातच थांबला. "सांधलेली बल्ली? उभी करायला?"

"हो."

भाऊजी आले तेव्हा मिस्त्रींनी कधी नव्हे ते स्वतःहून तोंड उघडलं. "सांधलेली बल्ली उभी करू नकोस रे. वरून वजन आलं की सांध्यात मोडते."

"मग जॅक दे, दादा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. जसं काही ते जॅक मी माहेराहून आणले होते! मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघता? ज्यानं दोन कामं काढली आणि एक संच घेतला, त्याच्याकडं बघा. त्याला विचारायची कुणाची छाती नाही आणि माझ्यावर डोळे वटारता."

"त्याला विचारून उपयोग असता तर विचारलं नसतं का?" भाऊजी म्हणाले. ते खरंच दमलेले होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. "सिमेंट दोन दिवस उशिरा आलं, त्यात मिक्सरवाला पुढच्या गावी निघालाय. स्लॅब पुढं ढकलला तर सगळंच फिसकटतं. मी एकटा कुठं कुठं पुरणार?"

मी धाकटीच्या पातेल्यात आणखी गरम पाणी ओतलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा आले. या वेळी आवाज मऊ.

"दादा, उद्या सकाळी स्लॅब आहे. तू ये. टाकताना खाली कुणीतरी जाणतं माणूस पाहिजे."

ते बरोबरच होतं. वर काँक्रीट पडत असतं तेव्हा एकजण खाली फिरत राहतो. कुठली बल्ली हलली, कुठली पाचर सैल झाली, ते बघतो, ठोकतो, आणि काही बिनसलं तर ओरडून वरचं काम थांबवतो. आमच्याकडं ते काम कायम मिस्त्रींचं. त्यांना नुसत्या आवाजावरून कळतं.

मिस्त्री म्हणाले, "येतो."

"ते येणार नाहीत," मी म्हणाले.

"अगं..."

"त्या बल्ल्यांखाली तुम्ही जाणार नाही. तुम्हीच सांगितलंत ना, सांध्यात मोडतात? मग? मोडायला तुमचंच डोकं पाहिजे?"

"वहिनी, मग खाली कोण जाणार?"

"ज्यानं बल्ल्या आणल्या तो जाईल."

"मला मिक्सरपाशी थांबावं लागतं. एक गाडी चुकली तर..."

"मी बघते की," धाकटी म्हणाली. ती कोपऱ्यात भांडी घासत होती, वर न बघताच बोलली. "त्यात काय एवढं? पाचरच ठोकायची ना. दादांना बघितलंय मी कितीदा."

भाऊजी म्हणाले नाहीत की नको. मिस्त्री म्हणाले नाहीत. आणि मीही म्हणाले नाही. माझ्या मनात तेव्हा एकच होतं, माझा माणूस त्या बल्ल्यांखाली जाता कामा नये. तो गेला नाही, माझं झालं. दुसऱ्या कुणाला मी काय दोष देऊ, मी तिथंच बसले होते आणि मी ऐकलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी मी वहीत वाळूचा ट्रक चढवत होते. लांबूनच हॉर्न ऐकू आला, सारखा, न थांबता. ट्रक गेटवर जवळजवळ आपटलाच. भाऊजी उडी मारून उतरले. कमरेपर्यंत ओलं सिमेंट, दोन्ही हात सोललेले, आणि कानाला फोन नव्हता.

"वहिनी," ते म्हणाले आणि गेटचा खांब धरून उभे राहिले.

"काय झालं?"

"कोपरा बसला. सगळा कोपरा. ती खाली आहे."

मिस्त्री आले, त्यांनी भावाचे खांदे धरले. "जिवंत आहे?"

"बोलतेय. पाय अडकलाय. वरचं अजून खाली सरकतंय, दादा, डोळ्यांदेखत सरकतंय. बल्ल्या लावल्या तर काडीसारख्या मोडताहेत." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मागायला तोंड नव्हतं त्यांच्याकडं. तरी मागितलं. "जॅक, वहिनी."

मी हातोडा उचलला. कुणाला काही विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. स्लॅबखाली शिरले, गादी लाथेनं बाजूला सारली आणि पहिल्या जॅकच्या कडीवर घाव घातला. मिस्त्री मागं धावले.

"थांब, थांब, असा नाही! एका रांगेतले सलग काढू नकोस. एक सोडून एक. बत्तीस पुरतील."

आम्ही तिघांनी काढले, ड्रायव्हरही आला. कडी गारठ्यानं घट्ट बसलेली, तीन-तीन घाव घालावे लागत. एकेक जॅक सुटला की वरून करकर आवाज यायचा आणि प्लेटांतून सिमेंटचे कण गळायचे. एकदा तर मोठ्यानं चरचरलं आणि ड्रायव्हर बाहेर पळाला. मिस्त्री हलले नाहीत. मान वर करून ऐकत उभे राहिले, मग म्हणाले, "काढ. पुढचा काढ." मला इतकं भरून आलं की काय सांगू. ह्याच माणसाला मी तीन दिवस नाही नाही ते बोलले होते. मी ठोकत होते आणि शिव्या देत होते, ठेकेदाराला, भाऊजींना, त्या ढगांना, आणि सगळ्यात जास्त स्वतःला.

जॅक भरून झाले. भाऊजी ट्रकवर चढले. आणि मी काय केलं? पळत स्टोअरमध्ये गेले, वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं, 'जॅक, नग बत्तीस'. खाली सही ठोकली आणि पास फाडून ड्रायव्हरच्या हातात दिला.

"अगं, पास कसला लिहितेस!" मिस्त्री किंचाळले.

मला तरी कुठं कळत होतं? दोन वर्षांत पासाशिवाय एक वीट मी सोडली नव्हती. हातालाच वळण पडलं होतं. मी ट्रकच्या मागं चढले.

तिथं जाऊन बघितलं ते मी रोज विसरायला बघते. तीन खोल्यांतल्या कोपऱ्यातल्या खोलीचं छत एका बाजूनं जमिनीला टेकलं होतं. ओलं काँक्रीट सळयांतून लोंबत होतं. मोडलेल्या बल्ल्यांचे सांधे उघडे पडले होते आणि त्यांतले खिळे बाहेर आले होते. फटीतून धाकटीचा आवाज येत होता.

"ताई आली का?"

"आले गं. हलू नको."

मिस्त्री पोटावर सरपटत आत गेले. एकेक जॅक आत सरकवायचा, उभा करायचा, आणि दोघांनी मिळून त्याची चक्री फिरवायची. एक फेरा म्हणजे नखाएवढं वर. "सावकाश," आतून ती म्हणायची, "डोळ्यात वाळू पडतेय." एवढ्या मरणाच्या अडचणीत तिला डोळ्यातल्या वाळूची पडली होती. दीड तास लागला. बत्तीसच्या बत्तीस लागले. मग भाऊजींनी तिला काखेत धरून ओढलं आणि ती पहिल्यांदा मोठ्यानं ओरडली. इतकी वर्षं एका पडद्याआड राहिलो, तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

ती जगली. उजवा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला.

बत्तीस जॅक दुसऱ्या दिवशी परत आणून आम्ही जागच्या जागी लावले. पण दवाखान्याच्या स्लॅबनं तोवर कंबर सोडली होती. मिस्त्रींनी वर चढून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी ताणली. मधोमध दोरी आणि छत यांत फरक दोन बोटांचा, आणि एक बारीक चीर पार आरपार गेलेली. त्यांनी दोरी गुंडाळली, खिशात घातली आणि शेडमध्ये जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले.

बाराव्या दिवशी साहेब आले. ठेकेदारही आला, इस्त्रीच्या कपड्यांत, महिना झालेला नसताना. भाऊजी त्याच्या मागं उभे. साहेबांनी वर चढून चिरेवरून बोट फिरवलं आणि खाली आले.

"जॅक वेळेआधी कुणी काढले?"

ठेकेदारानं खिशातून कागद काढला. तो माझा पास होता. "साहेब, माझ्या परवानगीशिवाय काढलेत. मला विचारलंसुद्धा नाही. ही बघा सही. नववा दिवस. आणि शाळेवर स्लॅब टाकताना हिचा मिस्त्री नवरा जागेवर नव्हता. नवराबायकोनं दोन्हीकडं वाट लावली."

मला क्षणभर ऐकूच आलं नाही. मग अंगातलं सगळं रक्त डोक्यात चढलं.

"सहाव्या दिवशी फोनवर काय म्हणाला होतात, शेठ? सांगा साहेबांना! पास लिही, विचार करू नको, कोण म्हणालं?"

"मी कशाला म्हणेन असं? आहे का कुठं लिहिलेलं?"

नव्हतं. त्याचं सगळं तोंडी असायचं. लिहिलेलं माझंच होतं, ठळक, वळणदार अक्षरात.

"भाऊजी, तुम्ही बोला. चार माणसं घेऊन सहाव्या दिवशी कोण आलं होतं? कुणी पाठवलं होतं?"

भाऊजी जमिनीकडं बघत राहिले. त्यांच्या हातांना अजून पट्ट्या होत्या.

"मीच काढले," मागून मिस्त्री म्हणाले. "बायकोची चूक नाही, साहेब. मी..."

"तुम्ही गप बसा!" मी ओरडले. "सही माझी आहे. हो, मी काढले. आमची पोर खाली मरत होती म्हणून काढले. पुन्हा तशी वेळ आली तर चौसष्टच्या चौसष्ट काढीन. पण हा माणूस कशासाठी काढायला लावत होता ते विचारा त्याला!"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. वाईट माणूस नव्हता. पण हातात कागद एकच होता, त्याच्याकडं बघूनच त्यांनी लिहिलं. छत पाडून नव्यानं टाकायचं. स्टोअरच्या बाईला आणि मिस्त्रीला कामावरून कमी करायचं.

ते गेल्यावर भाऊजी शेडच्या दाराशी आले. आत आले नाहीत.

"वहिनी, तिच्या इलाजाचं सगळं शेठ बघताहेत. अजून एक ऑपरेशन आहे. मी बोललो असतो तर..."

"जा तुम्ही," मी म्हणाले. "तिच्यापाशी जाऊन बसा. माझ्यासमोर उभे राहू नका."

दोन दिवसांनी ठेकेदाराचा माणूस निरोप घेऊन आला. छत पाडायला मजूर मिळेनात, गारठ्यानं निम्मे गावी गेलेत. मिस्त्रीला आणि बाईला रोजावर यायचं असेल तर या म्हणावं. मला वाटलं, त्याच्या तोंडावर थुंकावं. मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. पीठ संपत आलं होतं आणि धाकटीला डबा न्यायचा होता. आम्ही गेलो.

मिस्त्री घण घेऊन वर चढले, मी पहार घेऊन. ऊन त्याच दिवशी पडलं, इतक्या दिवसांनी, अगदी लख्ख. मिस्त्रींनी घण डोक्यावर नेला आणि घातला. घण उसळला. नुसता पांढरा ठिपका उठला. पुन्हा घातला, पुन्हा उसळला. त्यांच्या मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आलेल्या मला दिसत होत्या. चिरेच्या कडेला मी पहार लावली आणि दोघांनी मिळून अंगाचं पाणी केलं तेव्हा कुठं दुपारपर्यंत टोपलंभर तुकडे निघाले.

त्यांनी एक तुकडा उचलला, बोटांनी त्याची तुटलेली बाजू पुसली आणि माझ्यापुढं धरला.

"बघ. खडी सुटलेली नाही. खडीच मधून तुटलीय." कच्च्या मालात खडी निसटते, हे मलासुद्धा ठाऊक होतं. "चांगला जमला होता गं. अजून पाच दिवस मिळाले असते तर शंभर वर्षं हलला नसता."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते बघवेना. खाली ठेकेदाराचा माणूस उन्हात खुर्ची टाकून आमच्याकडं बघत बसला होता.

"टाका तो खाली," मी म्हणाले. "सरका. द्या तो घण इकडं."

आणि मी घण डोक्यावर उचलला.